पंचम नसलेली पहाट

मोरीतून गुडगुड आवाज आला आणि मी जागी झाले. २३ सप्टेंबर २०२३, शनिवार. पहाटेचे साडेतीन वाजून गेले असतील. आदल्या दिवशी मामाकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं पोटभर जेवून आम्ही अकराला घरी आलो होतो आणि पडल्या पडल्या झोप लागली होती. रात्रभर विजा कडाडत होत्या, पण त्यांनी झोप मोडली नाही. नागपुरात राहणाऱ्याला विजांची सवय असते. मोरीतून उलटं पाणी येण्याची नसते.

अंधारात पाय खाली टाकला तर घोट्यापर्यंत पाणी. बाबांना हाक मारली. तेवढ्यात अंगणातून दुसरा आवाज ऐकू आला. आमची पिण्याच्या पाण्याची टाकी जमिनीखाली आहे. तिच्या झाकणाच्या फटीतून पुराचं पाणी आत पडत होतं. कळशी नळाखाली धरली की भरता भरता तिचा आवाज बारीक होत जातो, तसाच तो आवाज वर वर चढत होता. खर्जातून मध्य सप्तकात, मध्यातून तारात. मी बाबांचा हात धरून दारात उभी होते आणि तो आवाज चढताना ऐकत होते. मग तो एकदम थांबला. टाकी काठोकाठ भरली होती.

त्या शांततेइतकी भीती मला आयुष्यात कशाची वाटली नाही.

आम्ही जिन्याने वर घरमालकांकडे गेलो. त्यांच्या गॅलरीतून उजाडेपर्यंत खाली पाहत बसलो. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला होता आणि नाग नदी आपलं पात्र सोडून आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, शिरली होती. एरवी पावसाळ्यात अंबाझरी ओव्हरफ्लो झाला की आम्ही पोराबाळांना घेऊन कणसं खात तो पाहायला जायचो. ज्या नदीवरून शहराला नाव मिळालं, तिला आम्ही सगळे वर्षानुवर्षं नाला म्हणत आलो. पहाटेच्या काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर, सीताबर्डी, सगळीकडे पाणी. मोरभवनच्या बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या. सुमारे १० हजार घरांत पाणी शिरल्याचं प्रशासनाने नंतर सांगितलं. माणसंही गेली.

मी एका शाळेत बँड शिकवते. बँडची खोली तळमजल्यावर होती. तिसऱ्या दिवशी कुलूप उघडलं. दार आत ढकलवेना, कारण आतून बास ड्रम दाराला टेकून बसला होता. गाळाला डिझेलचा वास होता. क्लॅरिनेटच्या पेट्या तरंगून पुन्हा खाली बसल्या होत्या. एक उघडली तर आतली निळी मखमल लिबलिबीत झाली होती आणि भोकांवरचे पॅड फुगून गोगलगायीसारखे बाहेर आले होते. ट्रम्पेटचे पिस्टन जागच्या जागी जाम. साइड ड्रमची कडी गंजायला लागलेली. मुलं दारातच उभी राहिली. कोणी आत येईना. नववीतल्या एका मुलीने फक्त विचारलं, "मॅडम, हे वाजल का आता?"

बाबा जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत आले. त्यांच्या हाताखाली आम्ही कामाला लागलो. पितळेची वाद्यं कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून, दोरीला फडकं बांधून नळ्यांतून ओढून काढली. प्रत्येक नळीतून चहाच्या चोथ्यासारखा गाळ निघायचा. पोरांनी उत्साहात लाकडी क्लॅरिनेट उन्हात मांडले होते, ते बाबांनी ओरडून सावलीत आणवले. ओलं लाकूड उन्हात वाळवलं की उभं तडकतं. तरी दोन गेलेच. पॅड बसवायचं काम एका जुन्या कारागिराकडे दिलं. डिसेंबरपर्यंत एकतीस मुलांच्या बँडपैकी तेवीस जणांच्या हातात वाद्य आलं. बास ड्रमचं कातडं बदलताना आत पाहिलं तर लाकडाला गोल फिरलेली गाळाची रेघ होती. मी ती पुसायला फडकं घेतलं. मुलं म्हणाली, राहू द्या. राहू दिली.

ही रेघ पाहून पुरावर बँडसाठी रचना लिहायचा विचार डोक्यात आला असं सांगायला बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. त्याआधीच ऑक्टोबरमध्ये एका रात्री झोपेत मला टाकीचा आवाज पुन्हा ऐकू आला होता. उठून मी हार्मोनियमवर तो शोधत बसले, आणि मिळाला नाही. हार्मोनियमच्या पट्ट्या वेगवेगळ्या. पाणी काही पायऱ्या चढत येत नाही, ते सरकत येतं.

पहिला खर्डा मी जानेवारीत पूर्ण केला. त्यात सगळं होतं. झांजा म्हणजे वीज, बास ड्रम म्हणजे गडगडाट, साइड ड्रमवर पावसाचा रोल, वर ट्रम्पेटचा आकांत. मल्हारातली एक फिरतही घातली होती. मुलांनी ते जीव तोडून वाजवलं आणि बाबांनी खुर्चीवर बसून शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पन तू वरातीचं लिहून राहिली, पोरी. येथ नाचनार कोन हाय?"

मी त्यांच्याशी भांडले. दोन दिवस बोलले नाही. पण त्यांचं बरोबर होतं. पुराचा म्हणून मी जो आवाज लिहिला होता, तो मी त्या रात्री ऐकलाच नव्हता. गडगडाट वर आभाळात होता. पाणी आलं ते गुपचूप, झोपलेल्या माणसांच्या खाटेखाली. आणि मल्हार तर पावसाला बोलावणारा राग. ज्या पावसाने घरं बुडवली, त्याला मल्हारातून पुन्हा बोलावणं मला सहन होईना. तो खर्डा मी बाजूला ठेवला.

मग मी वेळेपासून सुरुवात केली. पहाटे साडेतीन ते उजाडेपर्यंतची वेळ कुणाची? ललत रागाची. ललतमध्ये दोन्ही मध्यम, म्हणजे दोन्ही म, शेजारी शेजारी लागतात, शुद्ध आणि तीव्र, एकमेकांना चिकटून. काय होतंय हे नीट न कळलेल्या माणसासारखा सूर त्या दोघांत घुटमळत राहतो. आणि ललतमध्ये पंचम, म्हणजे प, नाही. माझं सगळं काम त्या एका वर्ज्य सुरावर उभं राहिलं.

बँड ज्याने जवळून पाहिला असेल त्याला यातली अडचण लगेच कळेल. बँडचा पाया सा-प, सा-प असाच चालतो. युफोनियम म्हणजे खालचे सूर धरणारं पितळी वाद्य; ते वाजवणाऱ्या मुलाला पहिल्या दिवसापासून आपण तेवढंच शिकवतो. आमचा सा काळी पाच, म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी. या पट्टीत ट्रम्पेटची एकही कळ न दाबता नुसत्या ओठांच्या ताणावर सा, पंचम, वरचा सा, वरचा गंधार हे सूर लागतात. म्हणजे वरचा सा घ्यायला गेलं आणि ओठ जरा ढिला पडला, की वाद्य आपसूक पंचमावर येऊन बसतं. पंचम हे ट्रम्पेटचं घर आहे. आणि मी मुलांना सांगत होते की साडेचार मिनिटं कोणीही घरी जायचं नाही.

त्यात ललतचा कोमल रिषभ, म्हणजे कोमल रे. खालचा कोमल रे ट्रम्पेटवर तिन्ही कळा दाबून लागतो आणि तो हमखास चढा लागतो. तिसऱ्या कळेची नळी बोटाने पुढे सरकवून तो उतरवावा लागतो. पुराच्या पाण्याने आमच्या निम्म्या ट्रम्पेटच्या त्या नळ्या अडकल्या होत्या. तेल घालून, गरम फडकी गुंडाळून त्या मोकळ्या करण्यात फेब्रुवारी गेला. पहिल्यांदा सहा ट्रम्पेट एकत्र कोमल रिषभावर आले आणि तो सूर खरंच कोमल लागला, तेव्हा मी हात खाली करायला विसरले. मुलं श्वास संपेपर्यंत वाजवत राहिली.

टाकीचा आवाज शेवटी मिळाला तो ट्रॉम्बोनमध्ये. त्याला कळा नाहीत, नळी आत ओढली की सूर सलग वर सरकतो. आमच्याकडे एकच ट्रॉम्बोन, वाजवणारी दहावीतली मुलगी. तिने खालून हळूहळू नळी आत ओढली, आणि बाबांनी डोळे मिटून घेतले.

पण पाण्याचा दुसराही एक स्वभाव आहे, तो मला जलतरंगाने शिकवला. भांडं भरताना ऐकलं तर आवाज चढतो. भरलेल्या भांड्यावर काडी मारली तर उतरतो. जितकं पाणी जास्त, तितका सूर खाली. मी घरातल्या चिनी मातीच्या सात वाट्या घेऊन बसले. निम्मी वाटी भरेपर्यंत सूर जेमतेम हलतो, पाणी काठाजवळ आलं की झपाट्याने घसरतो. मग ठरवलं की दोन मुलं समोरासमोर बसतील. एक बांबूच्या बारीक काड्यांनी वाटीवर तोच ठोका मारत राहील, दुसरी तांब्याने त्यात संथ धार धरेल. ट्रॉम्बोन वर चढत जाईल, वाटी खाली उतरत जाईल. दोघांमधली जागा वाढत जाईल.

बास ड्रम मी बराच वेळ अडवून ठेवला. बेथोव्हेनच्या सहाव्या सिंफनीत टिंपनी, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांसारखे ड्रम, फक्त वादळाच्या भागात वाजतात, बाकी चारही भागांत त्या गप्प असतात, हे शिकत असताना मला सांगितलं गेलं होतं. ते आत कुठेतरी राहिलं असावं. पण आमचा बास ड्रम वादळासाठी राखलेला नव्हता, तो कशासाठी ते पुढे येतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मी मुलांना सांगितलं, त्या रात्रीचा एकेक आवाज आणा. शब्दांत सांगू नका, काढून दाखवा. मला वाटलं होतं निम्मी तरी मुलं वीज आणतील. एकानेही आणली नाही. एक मुलगा म्हणाला, आमचा फ्रिज आडवा होऊन तरंगत होता आणि सारखा भिंतीला लागत होता. त्याने मुठीने बाकावर करून दाखवलं: ढप. बराच वेळ काही नाही. ढप. एका मुलीच्या वरच्या मजल्यावरची काकू खालच्यांना उठवायला पळीने ताट बडवत होती. ते आम्ही जसंच्या तसं ठेवलं, पितळी ताट आणि पळी. घरात महालक्ष्म्या उभ्या आहेत म्हणून एकीची आजी जागची हलायला तयार नव्हती. शेवटी तिने दोघींचे पितळी मुखवटे उतरवून पदरात घेतले आणि तशीच कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघाली. चालताना ते मुखवटे एकमेकांना लागत होते. नातीने घरून दोन पितळी वाट्या आणल्या, ओढणीत गुंडाळल्या आणि चालून दाखवलं. किण... किण. ट्रँगलवर मी तो आवाज आणायचा खूप प्रयत्न केला. नाही आला. तिलाच म्हटलं, तू स्टेजवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा.

आठवीतला एक मुलगा गप्प होता. तो म्हणाला, "मॅडम, मले काहीच ऐकू नाही आलं. मी झोपलोच होतो. बाबानं उचलून नेलं."

त्या पहाटे शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयातल्या सुमारे ४० मुलांना बचाव पथकाने सुखरूप बाहेर काढलं होतं. ती बातमी वाचल्यापासून माझ्या मनात एक प्रश्न होता, तो या मुलाच्या बोलण्याने पुन्हा वर आला. त्या लेकरांना ना टाकीचा आवाज, ना काकूच्या ताटाचा. पाणी आलं हे त्यांना कशाने कळलं असेल? अंथरुणाच्या गारव्याने? फरशीच्या थरथरीने?

मग मी टाकी भरल्यानंतरच्या शांततेत सोळा मात्रा लिहिल्या. तिथे कोणीही फुंकत नाही. फक्त बास ड्रम, तोही काठीने नाही, तळहाताने, कानाला लागण्याआधी पायाला लागावा इतका हळू. वाजवणारा तोच आठवीतला. पहिल्या तालमीत त्याने हात ठेवला तेव्हा मी वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसले होते आणि माझ्या हाताखालचं लाकूड हललं.

एका बाबतीत मात्र मी चुकले, आणि मुलांनी मला सुधारलं. त्यांना बोट हवी होती. बचाव पथकाची रबरी बोट गल्लीत आली तो क्षण त्यांच्यासाठी सगळ्यात मोठा होता. मला ते नकलेसारखं वाटत होतं, साइड ड्रमच्या रोलवर मोटर काढायची म्हणजे सिनेमातल्या पार्श्वसंगीतासारखं. मी तीनदा नाही म्हटलं. शेवटी ट्रॉम्बोनवाली म्हणाली, "मॅडम, तुम्ही वरून पाहत होत्या. आम्ही बोटीत होतो." त्यानंतर मी काय बोलणार? रोल ठेवला. तो दुरून येतो, इतका बारीक की आधी वाटतं पाऊसच पुन्हा सुरू झाला, आणि मग गल्लीच्या वळणावरून वळल्यासारखा एकदम मोठा होतो. आज विचाराल तर साऱ्या रचनेत मला तोच भाग सगळ्यात खरा वाटतो.

बोट आल्यावर उजाडतं. तिथे ललत सोडून भटियार राग. कोमल रिषभ तोच, दोन्ही मध्यम तेच, पण आता पंचम आहे. तो पहिला पंचम कोणाला द्यायचा यावर माझे किती कागद गेले. ट्रम्पेटला दिला असता तर मिरवणूक झाली असती. शेवटी युफोनियमला दिला. एकटा, हळू, आठ मात्रा. युफोनियमवाला मुलगा तो सूर घेताना दर तालमीला डोळे मिटायचा. मी त्याला कधी टोकलं नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये, पुराला वर्ष झालं त्या आठवड्यात, शाळेच्या सभागृहात आम्ही ते वाजवलं. आठ मिनिटं. समोर आईवडील, आज्या, गल्लीतली माणसं. निवेदन ठेवलं नाही, नावही सांगितलं नाही. ट्रॉम्बोन सरकू लागला तशी पुढच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीचा हात धरला, हे मला कोपऱ्यातून दिसलं. मध्येच एका ट्रम्पेटचा ओठ ढिला पडला आणि पंचम निसटला. क्षणभरच. त्या पोराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, चल पुढे.

जलतरंगाकडे धार धरणाऱ्या मुलीचा हात थरथरत होता. वाटी काठाशी थांबवायची होती, ती वाहिली. पाणी टेबलावर पसरलं. त्याच वेळी ट्रॉम्बोन थांबला आणि शांततेच्या सोळा मात्रा सुरू झाल्या. बास ड्रमवर तळहात पडला, आणि टेबलाच्या कडेवरून पाणी स्टेजच्या लाकडावर ठिबकू लागलं. टप. टप. सभागृहात कोणी खोकलं नाही. मी ते लिहिलेलं नव्हतं. पुढच्या तालमींत वाटी मुद्दाम वाहू द्यायचा आम्ही खूपदा प्रयत्न केला, पण मुद्दाम धरलं की पाणी काठावर फुगून उभं राहतं आणि वेळेवर सांडत नाही.

टाळ्या उशिरा आल्या. मुखवट्यांवाल्या मुलीची आजी काठी टेकत स्टेजपाशी आली. तिने नातीच्या हातातल्या ओढणीतल्या वाट्या काढून पाहिल्या, पदराने पुसल्या आणि परत तिच्या हातात दिल्या. मला म्हणाली, "आमच्या बायांचा आवाज याहून जड व्हता." त्या वर्षी महालक्ष्म्या बसवल्या तेव्हा तिने मला जेवायला बोलावलं नव्हतं, पुढच्या वर्षी बोलावलं. मुखवटे माझ्या हातात दिले. खरंच जड होते. त्या रात्री घरी येऊन मी ट्रँगलची ओळ कायमची खोडली.

बँडची खोली अजून तळमजल्यावरच आहे. मागच्या जुलैत तालीम चालू असताना आभाळ भरून आलं, खिडक्या काळ्या झाल्या. भटियार अर्ध्यावर होता. आठवीतला तो मुलगा आता दहावीत आहे. त्याने बास ड्रमचा पट्टा गळ्यातून काढला, बाकावर चढला आणि ड्रम कपाटाच्या वर ठेवला. मग बाकीचे उठले. क्लॅरिनेटच्या पेट्या, साइड ड्रम, सात वाट्या, एकेक करून सगळं वर गेलं. शेवटी ट्रॉम्बोन उरला. नवीन मुलीचा हात वरपर्यंत पोचेना. त्याने खाली वाकून तो घेतला.